नाव शेवटी येते

राजकुमार बनकर बायकोशी जन्मात एकदाच खोटं बोलला, आणि ते खोटं तेवीस वर्षं टिकलं. दारू, पत्ते, दुसरी बाई, असलं त्यात काही नव्हतं. सिनेमात माझं नाव शेवटी येतं, एवढंच तो म्हणाला होता.

राजकुमार लोणारजवळच्या बीबी गावचा. बाप पुंजाजी विहिरीकाठच्या दीड एकरात भाजीपाला करायचा. पोराला मात्र मारुतीच्या देवळातल्या भजनात पेटी वाजवायचा नाद. पेटीवरून तो मेहकरच्या एका ऑर्केस्ट्रात गेला आणि कीबोर्ड वाजवू लागला. त्याला आपल्याकडं आजही कॅसिओच म्हणतात, मग तो कुठल्या का कंपनीचा असेना. लग्नावऱ्हाडात वाजवता वाजवता सव्विसाव्या वर्षी तो मुंबईला गेला. त्याचं स्वतःचं लग्न होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. पुष्पांजली म्हणाली, "जा तुमी. मी पाहातो इकडलं."

मुंबईत तो एका मोठ्या संगीतकाराकडं लागला. त्यांना सगळे साहेब म्हणायचे. गाणी साहेब करायचे. पण सिनेमात गाण्यांखेरीजही संगीत असतं. आई पोराची वाट बघत दारात उभी असते, तेव्हा मागं काहीतरी वाजत असतं. लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं ते त्याच्यामुळं, पण ते ऐकलं असं कोणी म्हणत नाही. ते काम राजकुमारकडं आलं. एकेक प्रसंग तो चाळीस चाळीस वेळा बघायचा आणि सूर कुठं सुरू करायचा, कुठं सोडायचा ते ठरवायचा. व्हायोलिन, बासरी, सनई, सगळं त्या एका कीबोर्डातून काढायचं. आधी तो नुसता वाजवायचा. मग चाली सुचवू लागला. मग साहेब फक्त येऊन बघायचे आणि "ठीक आहे" म्हणून जायचे. २००१ साली एका अख्ख्या सिनेमाचं पार्श्वसंगीत त्यानं एकट्यानं केलं. पहिल्याच दिवशी बोलणं झालेलं होतं, पैसे वेळेवर मिळतील, नाव साहेबांचं जाईल. त्या धंद्यात ही रीतच होती. राजकुमारलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

वावगं वाटलं ते फोनवर. बीबीत तेव्हा फोन चौकातल्या किराणा दुकानात होता. आधी निरोप धाडला, की पुष्पांजली तिथं येऊन थांबायची. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग आता नाव येईन ना तुमचं?"

ती फोनवर फार मोठ्यानं बोलायची. तिच्या मागं दुकानात चार माणसं तरी उभी असणार, हे त्याला मुंबईत बसून दिसत होतं.

"येईन ना," तो म्हणाला. "शेवटी येते. सगळ्यात शेवटी."

हे त्याच्या तोंडून सहज गेलं नव्हतं. ऑर्केस्ट्रात असताना मेहकरच्या टॉकीजमध्ये त्यानं पुष्कळ सिनेमे बघितले होते. तिथं मारामारी संपली, हिरो-हिरोईन जवळ आले, की दिवे लागायचे आणि दारं उघडायची. शेवटची नावं तिथं जन्मात कोणी बघितली नव्हती. खोटं सापडणार नाही अशा जागी त्यानं ते ठेवून दिलं.

पुष्पांजली बाजाराच्या दिवशी मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन मेहकरला जायची. माल खपला, की रिकामं टोपलं घेऊन बाराच्या खेळाला. दारावरचा माणूस म्हणायचा, "मावशी, टोपल्याले बी तिकीट लागन."

"टोपलं खालीच बसते, बाप्पा. तू त्याले खुर्ची देतं का?"

साहेबांचा सिनेमा असला, की ती दोन आठवडे लागोपाठ जायची. सिनेमा संपला तरी बसून राहायची. लोक तिच्या टोपल्याला अडखळत, पुटपुटत बाहेर जायचे. दिवे लागायचे, पडदा कोरा व्हायचा, झाडूवाली यायची, तेव्हा ती उठायची.

घरी आल्यावर शेजारची सत्यभामाबाई ओट्यावर बसलेलीच असायची. "आलं का वं नाव?"

"नाई नं. मेल्यानं आजबी बंद केलं. लोकं उठले का त्याले वाटते, झालं."

"तुह्या नवऱ्याचं नाव हाय का नवी नवरी, पुष्पे? तोंडच दाखवत नाई."

"मोठ्या मानसाचं शेवटीच येते," पुष्पांजली म्हणायची. "बारके आंदी येतात."

आतून सासू बोलायची. गोजरबाईचं एक अंग अर्धांगवायूनं गेलं होतं, जीभ शाबूत होती. "नाव कायले पायजे वं? म्हैस दूध देते, चहावर तिचं नाव असते का?"

या गोजरबाईसाठीच पुष्पांजली मुंबईला गेली नाही. सासूची कूस बदलायची, मळ्याला पाणी द्यायचं, पोरगी प्राची शाळेत. पोळा आणि दिवाळी सोडली, तर राजकुमार घरी नसायचा. आला, की ती भाकरी थापता थापता त्याला त्याचेच सिनेमे सांगायची.

"ते पोरगी बापाच्या चपला उचलून ठेवते, तिथलं तुमचं हाय."

"कशावरून?"

"शेवटचा सूर सोडत नाई तुमी. देवळातबी नव्हते सोडत. आरती संपे, लोकं परसाद घेऊन घरी जात, तरी तुमचं बोट पेटीवरच."

साहेबांच्या सिनेमात काही प्रसंग दुसऱ्यांनीही केलेले असायचे. त्यांतला एकही ती कधी राजकुमारच्या नावावर घालायची नाही, आणि त्याचा एकही सोडायची नाही. त्याला नवल वाटायचं. चूल पेटलेली असायची, पोरगी अभ्यासाला बसलेली असायची, आणि आता सांगून टाकावं असं त्याच्या मनात यायचं. तेवढ्यात ती म्हणायची, "नाव तेवढं बंद करते पाहा तो मेला." मग राजकुमार म्हणायचा, "करतात तसे." आणि जेवायला बसायचा.

अशी वर्षं गेली. गोजरबाई गेली. प्राचीला जालन्याला दिली. मेहकरची टॉकीज बंद पडली. मुंबईत कामं संगणकावर गेली, साहेब थकले, आणि करोनाच्या वर्षी राजकुमार दोन कीबोर्ड घेऊन कायमचा बीबीला आला. गावातली पोरं त्याला कॅसिओवाले काका म्हणू लागली. गणपतीत कोणी बोलावलं तर तो वाजवायचा. तीस वर्षं वेगळं राहिलेली नवरा-बायको आता रोज एका ओट्यावर बसून चहा प्यायची. मेथीच्या जुड्या कशा बांधायच्या ते ती त्याला शिकवायची, आणि त्यानं बांधलेल्या सोडून पुन्हा बांधायची.

मग अविनाश आला. पुण्याचा, तिशीतला. लोणारच्या बाजूला एक मराठी सिनेमा करत होता. बीबीत असा एक माणूस आहे असं कोणीतरी त्याला सांगितलं, म्हणून घर विचारत आला. ओट्यावर बसून म्हणाला, "काका, पार्श्वसंगीत तुम्ही करा. नाव तुमचंच जाईल. दुसऱ्या कोणाचं नाही."

पुष्पांजली चहा घेऊन दारात उभी होती. राजकुमारनं तिच्याकडं बघितलं नाही. नाव आता खरोखर येणार होतं. ते आलं, की तिला शेजारी बसवायचं, नाव दाखवायचं आणि सगळं कबूल करायचं. हे पहिलंच आहे, पुष्पा, आधीची सगळी दुसऱ्याच्या नावावर गेली, असं म्हणायचं. त्यानं मनाशी पक्कं केलं.

त्याच उन्हाळ्यात तिचं पोट दुखायला लागलं. दुखणं पोटातलं होतं आणि उशिरा कळलं होतं. आधी बुलढाणा झालं, मग संभाजीनगर झालं, मग डॉक्टर म्हणाले, घरी न्या.

तो पुढच्या खोलीत काम करायचा, कानाला हेडफोन लावून. मुंबईची सवय. मधल्या खोलीत खाटेवर पडल्या पडल्या तिला फक्त बोटांखालच्या पट्ट्यांची खटखट ऐकू यायची. एक दिवस ती म्हणाली, "आयकलं का. ते कानावरचं काढा ना. मलेबी आयकू द्या. म्या काय सारं टॉकीजमंदीच आयकावं?"

त्यानं वायर काढली. तीन महिने त्या घरात तो सिनेमा वाजत राहिला. ती डोळे मिटून ऐकायची. एकदा म्हणाली, "हे लय लवकर रडाले लागलं. त्या बाईले आंदी बातमी तर कळू द्या." त्यानं प्रसंग पुन्हा बघितला. ती म्हणत होती ते बरोबर होतं. सूर त्यानं पुढं सरकवला.

शेवटच्या आठवड्यात त्याला वाटलं, सिनेमा लागेपर्यंत ही थांबायची नाही. दुपारी तो खाटेजवळ बसला. "पुष्पा, ते टॉकीजचं," तो म्हणाला, "ते नाव शेवटी येते म्हणून जे मी तुले..."

"पंखा जरा कमी करा," ती म्हणाली. "अंगावर वारं येऊन राह्यलं."

तो उठला, पंखा कमी करून आला. तोवर तिनं भिंतीकडं तोंड केलं होतं. चार दिवसांनी ती गेली.

तेरवी झाली. राहिलेलं शेवटचं एक काम त्यानं पुरं केलं आणि अविनाशला पाठवून दिलं. सव्वा महिन्यानं प्राची आईच्या साड्या वाटायला जालन्याहून आली. त्याच दिवशी सकाळी अविनाशचा फोन आला. नावांच्या पाट्या उद्या पक्क्या होणार, तुमचं नाव कसं लिहायचं ते आजच कळवा. राजकुमार म्हणाला, "सांगतो." फोन ठेवून तो तसाच बसून राहिला. नाव आलं होतं आणि ज्या बाईला ते दाखवून माफी मागायची, तिच्या साड्या आत मोजल्या जात होत्या. ती सगळं खरं मानूनच गेली, हेच त्याला खात होतं. तेवीस वर्षं एका बाईला कोऱ्या पडद्यासमोर बसवून ठेवलं आपण.

प्राचीनं आतून हाक मारली, "बाबा, हे पाहा बरं."

साड्यांच्या पेटीच्या तळाशी बिस्किटाचा डबा होता. त्यात टॉकीजच्या तिकिटांचे अर्धे तुकडे होते, रबर लावून ठेवलेले. त्यांच्याखाली वहीचा एक कागद, घडीवर झिजलेला. वर एका ओळीत इंग्रजीत राजकुमारचं नाव होतं, शाळेच्या वळणदार अक्षरात. खाली पानभर तेच नाव, वाकडंतिकडं, काही अक्षरं मोठी, काही बारकी. त्यातला प्रत्येक के उलटा काढलेला होता.

"वरची ओळ माही हाय," प्राची म्हणाली. "सातवीत होतो मी. आई म्हणे, तिथं नाव इंग्रजीत येते म्हणतात, मले लिहून दे. म्या म्हटलं, मीच येतो वाचाले. तर म्हणे, नाई, मले वाचू दे. महिनाभर परातीत पिठावर बोटानं काढे. आजी म्हणे, भाकरी कर वं, शाळा नको करू."

"मंग?"

"मंग काई नाई. एकदम बंदच झालं. म्या इचारलं तर म्हणे, जमत नाई मले."

राजकुमारनं तिकिटं हातात घेतली. काहींच्या मागं प्राचीच्या बालअक्षरात तारखा होत्या, पुढं पुढं नुसतीच तिकिटं. टॉकीज बंद पडली त्या वर्षापर्यंतची. म्हणजे ती जात राहिली होती. अक्षरं शिकली आणि सोडून दिली, टॉकीज मात्र सोडली नाही. ते त्याच्या डोक्यात बसेना. त्यानं कागद खिशात घातला आणि प्राचीला म्हणाला, "मी मेहकरहून येतो."

"आता? जेवन?"

"आल्यावर."

टॉकीजचं आता मंगल कार्यालय झालं आहे. तिथला ऑपरेटर नागसेन याला राजकुमार ऑर्केस्ट्राच्या दिवसांपासून तोंडओळखीनं ओळखत होता. आता नागसेन कार्यालयाची राखण करतो. दारात खुर्ची टाकून तो शेंगा सोलत बसला होता. त्यानं राजकुमारकडं बघितलं, डोक्यावरचे नुकते फुटलेले केस बघितले आणि शेंगांचं ताट खाली ठेवलं.

"वहिनी गेल्याचं उशिरा समजलं मले," तो म्हणाला. "येनार होतो. गुडघे साथ देत नाईत."

राजकुमारनं कागद काढून त्याच्यापुढं धरला. "हे तुमी पाह्यलं हाय का कधी?"

नागसेननं कागद हातात घेतला नाही. नुसता बघितला. मग म्हणाला, "वरतं चाला."

जिना तोच होता, अरुंद, पानाच्या पिचकाऱ्यांनी रंगलेला. नागसेन कठड्याला धरून एकेक पायरी चढला. मशीनच्या खोलीत आता गाद्या आणि लोड रचलेले होते. भिंतीतलं चौकोनी भोक तसंच होतं. नागसेन एका लोडावर टेकला आणि दम खाऊन बोलू लागला.

"लोडशेडिंगचं साल होतं. तीनच्या खेळाच्या टायमाले लाइन गेल्ती. आता सहापर्यंत सुट्टी म्हणून मी बिडी पेटवली, तर बाई टोपलं घेऊन वरतं. म्हणे, भाऊ, तुमी शेवट काऊन बंद करता? म्या म्हटलं, बाई, पुढच्या खेळाले रीळ गुंडाळा लागते, टाइम कुठं हाय. म्हणे, मंग मले आता पाहू द्या. म्हटलं, कोनाचं नाव पाहाचं हाय? ते काई सांगे ना. मी तीनदा इचारलं. मंग माह्या ध्यानात आलं, बाई नवऱ्याचं नाव कसं घेईन. तिनं हा कागद पुढं केला."

खाली कोणीतरी ताटांची चळत ठेवली. आवाज वरपर्यंत आला.

"शेवटची रीळ काढून देली मी तिले. त्या खिडकीपाशी बसली. म्हटलं, कडेनं धराची, बोटं लागू देऊ नका. तिनं पदरानं धरली. उजेडासमोर एकेक नाव पाहे. आर आला का थांबे, कागदावर पाहे, मंग पुढचं अक्षर पाहे. रामचंद्र निघे, रमेश निघे. लाइटवाले, गाड्यावाले, जेवनवाले. खालपर्यंत गेली. मंग खालून वर आली. लाइन येईपर्यंत पाहात होती, राजाभाऊ. कोथिंबिरीचा वास सुटला होता खोलीत."

राजकुमार खिडकीकडं बघत उभा होता. तिथं आता लग्नातल्या कमानीची कापडी फुलं पोत्यात भरून ठेवली होती.

"मंग?"

"मंग फिल्म जशीच्या तशी गुंडाळून देली मले. म्हणे, भाऊ, वाजवलं त्याईनंच हाय. ते मले समजते. फक्त नाव नाई."

"रडली?"

"नाई. बसली जराशी. मंग म्हणे, एक काम कराल का. आतापासून शेवट चालवूच नका. म्या म्हटलं, बाई, आतापर्यंत तर मले शिव्या देत होती बंद करतो म्हणून. तर म्हणे, मले घरी जाऊन सांगा लागते, का त्यानं बंद केलं. तुमी चालवलं, तर मी खोटं कसं बोलू?"

नागसेन गुडघ्यावरून हात फिरवत राहिला.

"मंग दरवेळेस केलं मी तसं. पुढं मशीन बदललं, रीळ गेली, सारं सॅटेलाइटवर आलं. मालक म्हणे, नागसेन, आता गुंडाळाचं काई नाई, पुरा पिच्चर चालवत जा. म्या म्हटलं, हाव. पन ह्या भोकातून पाहो. ती बसेल दिसली, का बटन दाबो. दिवे लागले का ती एकदा वर पाहे. मंग टोपलं उचले."

"मले काऊन नाई सांगितलं तुमी?"

"तुमी कवा इचारलं? आन तिनं सांगतलं होतं, त्याईले माहीत होऊ देऊ नका. त्याईले लाज वाटन."

राजकुमार भोकापाशी गेला. खाली हॉल होता. पडद्याच्या जागी स्टेज, त्यावर नवरा-नवरीच्या दोन लाल खुर्च्या प्लास्टिकनं झाकलेल्या. "कुठं बसे ती?"

"त्या खांबापाशी. टोपलं ठेवाले जागा होती तिथं."

खांबापाशी एक बाई उकिडवी बसून पेले पुसत होती. राजकुमार बराच वेळ बघत राहिला. त्याला तो पंखा आठवला. वारं येऊन राह्यलं, असं ती म्हणाली होती, आणि त्या दिवशी तिच्या अंगावर पांघरूण होतं. त्याला सांगू द्यायचं नव्हतं तिला. त्यानं सांगितलं असतं, तर तिला सगळं आधीच माहीत होतं हेही तिला सांगावं लागलं असतं. त्या खोटं न बोलणाऱ्या बाईला.

त्यानं भिंतीला कपाळ टेकलं. नागसेननं त्याला हात लावला नाही. तो तिकडं तोंड करून लोड नीट रचू लागला, जे आधीच नीट रचलेले होते.

खाली आल्यावर नागसेन म्हणाला, "चहा घेता का?" राजकुमारनं मान हलवली आणि तो बसस्टँडकडं निघाला.

बीबीवरून जाणाऱ्या जालन्याच्या गाडीला वेळ होता. तो बाकावर बसला आणि अविनाशला फोन लावला.

"काका, तुमच्याच फोनची वाट बघत होतो," अविनाश म्हणाला. "पहिल्याच पाटीवर तुमचं नाव घेतोय. एकट्याचं. पूर्ण काळा पडदा आणि त्यावर तुमचं नाव, दुसरं काही नाही."

"तिथून काढा ते."

"काढू? काका, माझं काही चुकलं का?"

"नाही, नाही. तुम्ही चांगलंच केलं. पण शेवटी टाका. अगदी शेवटी. तुमचे लाइटवाले, गाड्यावाले, जेवणवाले, सगळे झाले, की मग."

"तिथं कोणी बघत नाही हो. तोवर दिवे लागलेले असतात. अर्धी टॉकीज बाहेर गेलेली असते."

"माहीत आहे मला."

"बरं. तुम्ही म्हणता तसं."

"आणि इंग्रजीत लिहा."

"बाकी सगळं मराठीत आहे, काका. एकटं तेवढंच इंग्रजीत वेगळं दिसेल."

"दिसू द्या."

"ठीक आहे. स्पेलिंग सांगता का? लिहून घेतो."

राजकुमारनं खिशातून कागद काढला आणि मांडीवर पसरला. वरची प्राचीची ओळ सोडून त्यानं खालच्या ओळीवर बोट ठेवलं. समोर फलाटावर गाडी लागली, लोक दाराशी गर्दी करू लागले.

"आर," तो म्हणाला. "ए. जे."

पुढचं अक्षर उलटं काढलेलं होतं. त्यावरून त्यानं दोनदा बोट फिरवलं.

"काका? आहात ना?"

"के," राजकुमार म्हणाला.

मग तो पुढं सांगत गेला, एकेक अक्षर, तिनं लिहिलं होतं त्याच क्रमानं. अविनाशनं सगळं परत वाचून दाखवलं. "बरोबर आहे ना?" त्यानं विचारलं. राजकुमार हो म्हणाला. फोन बंद झाला, गाडी भरली, कंडक्टरनं घंटी मारली. राजकुमारचं बोट शेवटच्या अक्षरावरच होतं.